बाथरूमच्या टाइल्स पोकळ वाजून सुटतात? आधी जिप्सम तपासा

बेडरूमची भिंत बाथरूममध्ये घेतली होती. फक्त तिच्यावरच्याच टाइल्स पोकळ वाजायच्या आणि अख्ख्या सुटून यायच्या. मागे अ‍ॅडेसिव्हचा थर शाबूत, त्यावर पांढरी भुकटी. ग्राउट (टाइलांच्या फटींत भरायचा मसाला) भरून, भिंतीला टोचे मारून, महाग अ‍ॅडेसिव्ह वापरून पाहिलं. वैताग!

भुकटी जिप्सम प्लास्टरची होती, म्हणजे बेडरूमच्या भिंतीवरच्या जुन्या पांढऱ्या गिलाव्याची. ओल असली की सिमेंट आणि जिप्सममध्ये एट्रिंगाइटचे स्फटिक तयार होतात, ते फुगून टाइल ढकलतात.

मग असं केलं. जिप्सम विटेपर्यंत खरवडलं, ब्रशने धूळ काढली, भिंत भिजवली. एकास चार सिमेंट-वाळूचं प्लास्टर, घोटून गुळगुळीत न करता. सात दिवस पाणी मारलं, मग पूर्ण सुकू दिलं. पाइप झाकणारा जिप्सम बोर्ड काढून सिमेंट बोर्ड स्क्रूने बसवला (हिरवा, म्हणजे ओल सोसणारा जिप्सम बोर्डही शॉवरखाली नकोच), सांध्यांवर जाळीची टेप. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा; कोपऱ्यांत पट्टी. शेवटी पॉलिमरवालं अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने, टाइलच्या मागेही पातळ थर. ग्राउट दुसऱ्या दिवशी.

गवंडी चार ठिपके लावून टाइल चिकटवत असेल तर तिथेच थांबवा. मागच्या पोकळीत पाणी साठतं.