एएमडी बी६५० चिपसेटवर ओव्हरक्लॉकिंग करताना
एएमडीच्या बी६५० चिपसेटवर (मदरबोर्डचे कामकाज सांभाळणाऱ्या चिपवर) प्रोसेसर आणि मेमरी या दोन्हींचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, करता येते; स्वस्त ए६२० वर प्रोसेसरचे येत नाही. प्रथम बायॉस (मदरबोर्डमधील मूळ प्रणाली) अद्ययावत करावे, कारण २०२३ मधील सुधारणेने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधील मेमरी-नियंत्रक वगैरे भागांच्या व्होल्टेजला) प्रोसेसर जळू नये म्हणून १.३ व्होल्टची मर्यादा घातली. मग डीडीआर५ मेमरीसाठी एक्स्पो प्रोफाइल (मेमरीत आधीच साठवलेली वेगवान मांडणी) बायॉसमध्ये निवडावे. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरला मेमरीचा ६००० एमटी/से (सेकंदाला ६००० दशलक्ष हस्तांतरणे) वेग बहुधा पुरतो. त्यानंतर पहिल्यांदा संगणक सुरू होताना मेमरीची जुळवणी चालू असल्याने पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो, तेव्हा घाबरून बंद करण्याचे बटण दाबू नये. सगळ्या कोअरची गती हाताने बांधून टाकण्यापेक्षा कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे थोडे कमी करणाऱ्या बायॉसमधील सोयीत) उणे १० पासून सुरुवात करून प्रत्येक टप्प्यावर तासभर ताणचाचणी (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून पाहणे) घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. चाचणी मध्येच कोलमडली, तर आकडा पाचाने शून्याकडे मागे घ्यावा.