नाण्यांची नोंद: पुडी सोडण्याआधी

अण्णांच्या शिवराया, म्हणजे मराठा काळातली तांब्याची नाणी, कागदाच्या पुड्यांत होत्या. प्रत्येक पुडीवर त्यांनी पेन्सिलीनं दोन-तीन शब्द लिहिले होते: कुठून आणली, केव्हा, कितीला. ‘जुना बाजार, बुधवार.’ ‘जुन्नर, कासाराकडून.’ ते गेल्यानंतरच्या दिवाळीत मी त्या ६१ पुड्या एका दुपारी सोडल्या, नाणी पंचावर मांडली, फोटो काढले, एक्सेलमध्ये सुरेख तक्ता केला. नाणी डब्यात ठेवली, कागद बाजूला गोळा केले. आज फोटो आहेत, तक्ता आहे, ६१ कागदही आहेत. कुठला कागद कुठल्या नाण्याचा, हे सांगणारं मात्र आता कुणी नाही. तुमच्याकडे वडिलांची, आजोबांची नाणी असतील आणि ती संगणकावर चढवायचा विचार असेल, तर आधी हे वाचा.

सामान थोडंच लागतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, भिंग, खाली पसरायला मऊ कापड. पाकिटं पीव्हीसीची घेऊ नका. काही वर्षांनी त्यातलं रसायन सुटतं आणि तांब्यावर हिरवा चिकट थर बसतो. आणि पेन्सिल. पेन्सिल सगळ्यात आधी काढून ठेवा, कारण पहिलं काम तिचंच आहे.

क्रमांक. प्रत्येक नाण्याला एक क्रमांक, आणि तो पाकिटावर. तक्त्यात क्रमांक असून भागत नाही. माझ्याही तक्त्यात १ ते ६१ होतेच. पाकिटावर नव्हते. पाकीट रिकामं असतानाच लिहा, आत नाणं असताना वरून दाबून लिहू नका. एका वेळी एकच पुडी सोडायची. तिचं पाकीट तयार, क्रमांक लिहिलेला, मग नाणं आत. पुडीचा जुना कागद दुसऱ्या पाकिटात, त्यावरही तोच क्रमांक. जुन्या कागदात आम्ल असतं, म्हणून तो नाण्याला चिकटून नको; पण फेकायचा तर मुळीच नाही. हे सगळं झाल्यावरच दुसरी पुडी. मदतीला भाचा बसला असेल आणि भराभरा पुढच्या पुड्या उघडत असेल, तर त्याला थांबवा.

क्रमांक साधा ठेवा: ००१, ००२. त्यात काळ, राजा, टांकसाळ असलं काही कोंबू नका. आज जी शिवकाळातली वाटते ती उद्या भिंगाखाली पेशवाईतली ‘दुदांडी’ प्रकारची शिवराई निघते, मग क्रमांकच खोटा ठरतो. नाणं विकलं, कुणाला दिलं, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही.

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या चित्राचे, रुपये असणाऱ्यांना वाटेल, आमच्या नाण्यावर साल आहे, आम्हाला क्रमांक कशाला? तर १८६२ हे साल त्या रुपयांवर पुढे १८७४ पर्यंत तसंच छापलं जात होतं. मुंबईच्या टांकसाळीतल्या रुपयांची वर्षं बारीक टिंबं मोजून लावतात. तुमच्याकडे १८६२चे वीस रुपये असतील तर एक संध्याकाळ खर्चून टिंबं मोजाल, आणि पाकिटावर क्रमांक नसेल तर पुढच्या वेळी पुन्हा मोजाल.

आता नोंद कशात करायची. इंग्रजी अमल आणि स्वातंत्र्यानंतरची नाणी असतील तर नुमिस्टा ही नाण्यांची वेबसाइट सोयीची आहे. तिथे नाण्याचा प्रकार तयार सापडतो, आपण फक्त आपल्याकडचं साल आणि टांकसाळ भरायची, आणि यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. सगळं स्वतःच्या संगणकावरच ठेवायचं असेल तर ओपननुमिस्मॅट हे सॉफ्टवेअर मोफत आहे. शिवरायांसाठी मात्र मला साधा तक्ताच बरा वाटतो. त्यांचे ठसे इतके वेगवेगळे, अक्षरांची वळणं इतकी निराळी, की तयार साच्यात नाणं बसवता बसवता आपण त्यातलं वेगळेपण लिहायचंच विसरतो.

एक्सेल उघडलंत तर काही टाइप करण्याआधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर ००१ चा १ होतो. इंग्रजी आकड्यांत १/१२ आणा लिहिलात की त्याची १ डिसेंबर ही तारीख होते, आणि १/४ आण्याची १ एप्रिल. नंतर दुरुस्त करू म्हणाल तर होत नाही, मूळ मजकूर तोवर गेलेला असतो.

रकाने कोणते? क्रमांक, वजन, व्यास, धातू हे उघडच आहे. नाण्यावर डोळ्यांना दिसतं तेवढंच एका रकान्यात, आणि आपला अंदाज शेजारच्या वेगळ्या रकान्यात. शिवराईचा गोळा, म्हणजे ज्यावर ठसा मारतात तो तांब्याचा तुकडा, बहुधा ठशापेक्षा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’मधलं ‘श्री’ अर्धंच उमटलेलं असतं, मागच्या ‘छत्र पति’चा ‘ति’ कडेबाहेर गेलेला असतो. दिसत नसलेलं अक्षर मनानं भरू नका. टांकसाळीचंही तसंच. आजच्या नाण्यांवर मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब. कोलकात्याची खूणच नसते. म्हणून रकाना रिकामा सोडू नका, ‘खूण नाही’ असं लिहा. रिकाम्या रकान्याचा अर्थ पाहायचं राहिलं असाही होतो. वजन टाळू नका. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजून थोडा कमी भरेल, पण दहाच्या आत आला तर तो बाजूला काढून नीट बघायला हवा. आणि शेवटी ‘कुठून आलं’ हा रकाना. तो माझ्या तक्त्यात कायमचा रिकामा आहे.

फोटोला फ्लॅश नको, खिडकीचा तिरपा उजेड बरा, म्हणजे झिजलेली अक्षरं उठून दिसतात. फोन पुस्तकांच्या चवडीवर टेकवा. प्रत्येक फोटोत नाण्याशेजारी क्रमांकाची चिठ्ठी ठेवा, पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूलाही. फाइलचं नाव तोच क्रमांक. फोटोतलं लोकेशन बंद करा, नाहीतर फोटो जाईल तिथे घराचा पत्ता जाईल. फोटोसाठी नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर नको. घासल्यानं गेलेला रंग परत येत नाही.

दिवसाला दहा नाणी पुरेत. फाइलची एक प्रत संगणकावर, एक गूगल ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्ह बहिणीकडे. विकत घेतल्याची किंमत लिहा, विकल्यास किती येतील ते नको. फाइल कुठे आहे हे घरात एकाला तरी दाखवून ठेवा.

डबा बंद करण्याआधी पाकिटं एकदा हातानं चाळा. ज्याच्यावर क्रमांक नसेल ते आत्ताच बाहेर काढा, उद्यावर ठेवू नका.