वर्षाची चटणी घालताय? या चुका टाळा

मार्च लागला की कोल्हापुरात वर्षभराच्या कांदा-लसूण मसाल्यासाठी, म्हणजे आमच्या चटणीसाठी, वाळत घातलेल्या मिरच्यांनी गच्च्या लाल दिसायला लागतात, आणि पावसाळा लागला की दरवर्षीची तक्रार कानावर येते: चटणीला बुरशी आली, रंग उतरला, वास गेला. खापर फुटतं मिरचीवर. मिरची बहुतेक वेळा चांगलीच असते, घाई आपली नडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डंकावरून, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीवरून, आणलेली चटणी गरम असतानाच डब्यात भरणं. कांडताना चटणी चांगलीच तापते. तशीच दाबून भरली की वाफेचं झाकणाला पाणी सुटतं आणि तेच थेंब परत खाली पडतात. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी हेच केलं. मुलगा रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघालेला. डंकावर रांग मोठी, नंबर लागेपर्यंत दिवेलागण झाली. मी म्हटलं, "वहिनी, रात्रभर पसरू दे, पुढच्या खेपेला पाठवा." "अहो, त्याची गाडी चुकेल," म्हणत त्यांनी स्टीलचा डबा काठोकाठ भरला, वर प्लॅस्टिकची पिशवी करकचून बांधली. महिन्याभरानं मुलाचा फोन आला. वरची चटणी ढेकळासारखी झालेली, खाली पांढरी बुरशी, आंबूस वास. वहिनी त्याला म्हणाल्या, वरचं काढून बाकीचं वापर. तेही चूक. बुरशीचे धागे दिसतात त्याहून आत गेलेले असतात, त्यामुळे अख्खा डबा टाकायचा.

माझ्याकडे चटणी आली की जुन्या सुती लुगड्यावर, घरात, सावलीत रात्रभर पसरलेली असते. सकाळी गुठळ्या हातानं मोडायच्या, मगच बरणी. बरणी चिनी मातीची, तळाशी आणि वर हिंगाचे खडे, अंधाऱ्या कपाटात. उजेडानं रंग उडतो, म्हणून ओट्यावर काचेच्या बरणीत शोभेला ठेवायची ती वस्तू नव्हे.

दुसरी चूक कांद्याची. "गुलाबी झाला की काढला" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. गुलाबी कांदा भाजीला. चटणीचा कांदा पातळ चिरून दिवसभर उन्हात सुकवायचा, मग मंद आचेवर तळायचा, चुरला की हातात कुरकुरला पाहिजे. मऊ राहिला म्हणजे आत पाणी राहिलं. याला वेळ लागतो, आणि नवशिक्यांना नेमका इथंच गॅस मोठा करायचा असतो. मग कडा जळतात, मधे ओला. दुकानातला तयार तळलेला कांदा आणून कांडणाऱ्याही आहेत. तेल कुठलं, कधीचं, काही ठाऊक नाही. वर्षभर खायच्या वस्तूत मी तो घालणार नाही.

मिरची घेताना नुसता रंग बघू नका. ब्याडगी रंगाला, ती कमी तिखट. झणका हवा तर संकेश्वरी. मी निम्मी-निम्मी घेते, आणि गडहिंग्लजच्या बाजारात माल भरपूर असतो तेव्हाच. देठासकट तशीच कांडू नका. वाळलेली मिरची कडकन मोडली पाहिजे आणि आतलं बी खुळखुळलं पाहिजे. पण आठवडाभर उन्हात टाकून विसरू नका, रंग फिका पडतो. वळवाच्या आधी काम उरका. एप्रिलमध्ये दुपारी आभाळ भरून आलं तर गच्चीवर पळापळ ठरलेली.

तीळ, धणे, खोबरं, मेथी एकाच कढईत एकदम भाजू नका. तीळ जळतो तोवर धणे कच्चे असतात. मीठ जाडं घ्या आणि कोरडं भाजून घाला. बरणीत ओला चमचा नको.

आणि रश्शाला कट, म्हणजे वर तरंगणारं लाल तेल, येत नाही म्हणून चटणी वाढवत जाणाऱ्यांसाठी: मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला तेल सुटेपर्यंत परता, आच कमी करा, चटणी त्या तेलात घाला, क्षणभर हलवा आणि लगेच आधण ओता. आधी पाणी आणि वरून चटणी टाकली, तर रस्सा नुसता तिखट होतो.