टॅब वाचून बास गिटारवर गाणं कसं बसवावं

चवथीत घुमटाच्या (चामडं ताणलेल्या मातीच्या वाद्याच्या) तालावरच्या आरत्या ऐकत गोव्यात वाढलेल्याच्या अंगात ताल आधीच मुरलेला असतो. बास शिकताना हे मोठं भांडवल आहे. टॅब म्हणजे रेघा आणि आकड्यांत लिहिलेलं गाणं. ती कोणती तार, कोणती फ्रेट (मानेवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधला खण) एवढं सांगते; सूर किती वेळ धरायचा ते साध्या टॅबमध्ये बहुधा नसतं. ते कानानेच शोधावं लागतं.

म्हणून आधी गाणं ऐका, तेही हेडफोनवर. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो. मोबाईलच्या छोट्या स्पीकरला तो नीट पेलत नाही, आणि मग गाण्यात बास आहे की नाही तेच कळत नाही. बासची ओळ तोंडाने गुणगुणता आली की गिटार हातात घ्या.

आता तारा लावा. जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी. फोनवरचा ट्यूनर पुरतो. पडताळा म्हणून जाड तार पाचव्या फ्रेटवर दाबा. तिचा आणि शेजारच्या मोकळ्या तारेचा सूर एक यायला हवा. पुढच्या तारांचंही तसंच. टॅबच्या डोक्यावरची ओळ मात्र न चुकता वाचा. एका फेस्तासाठी (चर्चच्या उत्सवासाठी) मी आठवडाभर एक गाणं घोटत होतो आणि रेकॉर्डिंगशी ते काही केल्या जुळेना. मूळ वादकाने चारही तारा अर्धा सूर उतरवल्या होत्या. टॅबच्या माथ्यावर तसं लिहिलंही होतं, मी ते वाचलं नव्हतं.

टॅबमध्ये चार आडव्या रेघा म्हणजे चार तारा. वरची रेघ बारीक जी, खालची जाड ई. गिटार धरल्यावर जाड तार वर येते, त्यामुळे सुरुवातीला उलटसुलट होतं. गिटार मांडीवर तोंड वर करून आडवी ठेवा आणि वरून पाहा, तारा टॅबसारख्याच दिसतील. आकडा म्हणजे फ्रेट, शून्य म्हणजे मोकळी तार. ही एक ओळ घ्या:

जी |----------------|
डी |--------५-------|
ए  |----५-------५---|
ई  |३---------------|

डावीकडून उजवीकडे वाचा. चार मात्रा, मात्रेला एक सूर. ई तारेची तिसरी फ्रेट म्हणजे जी, आपल्या पेटीतली पांढरी पाच. तिला सा धरलंत तर ही ओळ सा, प, तार सा, प अशी आहे. तंबोऱ्यावर ऐकलेलेच सूर! तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर ठेवा, ए तारेवरच्या पाचव्यावर अनामिका, डी तारेवरच्या पाचव्यावर करंगळी. बोट दोन पट्ट्यांच्या मधोमध नको, पुढच्या पट्टीला जवळजवळ टेकलेलं हवं. म्हणजे कमी जोरात सूर स्वच्छ येतो, खरखर होत नाही. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, त्यांचा आवाज पकडणाऱ्या ठोकळ्यावर) टेकवा आणि तर्जनी-मध्यमा आलटून पालटून चालवा.

हाच आकार एक तार पुढे सरकवा, म्हणजे ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून सुरू करा. आता तुमचा सा पांढरी एक झाला. कित्येक गाण्यांची बास याच आकारावर उभी असते, त्यामुळे हा हातात पक्का बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता वेळ. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, दोन मापं (चार-चार मात्रांचे दोन तुकडे) घ्या, सलग पाच वेळा न चुकता वाजली की पाच ठोके वाढवा. सूर थांबवण्याकडेही लक्ष द्या. डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण न उचलता फक्त सैल केलं की सूर गप्प होतो. बासमध्ये ही शांतता सुराइतकीच वाजवायची असते, आणि टॅब तिच्याबद्दल फारसं बोलत नाही.

दुल्पद (गोव्यातलं ठेक्याचं कोंकणी गाणं) बसवायचं असेल तर चाराची मोजणी सोडा. तिथे सहाची चाल असते, वजन पहिल्यावर आणि चौथ्यावर. पहिल्यावर सा, चौथ्यावर प, बाकी जागा मोकळी ठेवा. एवढ्याने पाय हलायला लागतात.

खुणा थोड्याच. एच म्हणजे न छेडता डाव्या बोटाने पुढची फ्रेट ठोकणं, पी म्हणजे बोट ओढून खालचा सूर काढणं, तिरकी रेघ म्हणजे घसरत जाणं, फुली म्हणजे बोट नुसतं टेकवून गप्प केलेल्या तारेचा बोथट ठोका.

इंटरनेटवरच्या टॅब चाहत्यांनी कानाने लिहिलेल्या असतात, चुका असतातच. एखादा सूर गाण्याशी भांडत असेल तर एक फ्रेट मागे-पुढे करून बघा आणि कानाला पटेल तो पेन्सिलने लिहून ठेवा.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की प्रत्येक तार खालून-वरून कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि गिटार भिंतीला टेकवून न ठेवता बॅगेत ठेवा.