घरच्या बागेत लॅव्हेंडरची छाट कलमे

लॅव्हेंडर बियांपासून वाढवण्याच्या फंदात शक्यतो पडू नये. बी सावकाश आणि मागेपुढे उगवते, पेरणीपूर्वी त्याला बहुधा काही आठवडे थंडी द्यावी लागते, आणि एवढे करूनही रोपे गंधाने व रंगाने मूळ झाडासारखीच निघतील याची शाश्वती नसते. छाट कलमातून, म्हणजे फांदीचा तुकडा कापून त्याला मुळे फुटवल्यास, मात्र हुबेहूब तेच झाड मिळते.

महाराष्ट्राच्या पठारी भागात या कामासाठी ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा कोरड्या, थंड हवेचा काळ उत्तम. इंग्लिश लॅव्हेंडरपेक्षा दातेरी पानांचे फ्रेंच लॅव्हेंडर आपला उन्हाळा अधिक सोसते, म्हणून पुण्या-नाशकाच्या गच्चीवर त्यापासूनच सुरुवात करावी.

सगळ्यात अधिक लक्ष फांदीच्या निवडीकडे द्यावे. कळी नसलेला, नव्या वाढीचा असा शेंडा घ्यावा, जो वर लवचिक असतो पण बुडाशी नुकताच कडक होऊ लागलेला असतो. जुन्या तपकिरी लाकडाला मुळे सहसा फुटत नाहीत. सकाळच्या वेळी स्वच्छ, धारदार ब्लेडने पेराच्या, म्हणजे पाने फुटतात त्या सांध्याच्या, लगेच खाली छाट देऊन 8 ते 10 सेंटीमीटर लांबीचा तुकडा काढावा आणि साल न सोलवटता खालच्या अर्ध्या भागाची पाने उतरवावीत. रूटिंग हार्मोनची (मुळे फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाची) पूड बुडाशी लावल्यास फायदा होतो, परंतु ती नसली म्हणून काम अडत नाही.

धुतलेली जाड वाळू आणि भिजवून घट्ट पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात मिसळावे. त्यात शेणखत मुळीच घालू नये. काडीने आधी भोक पाडून मगच कलम खोचावे, म्हणजे लावलेली पूड पुसली जात नाही. कुंडी उजेडात, पण थेट उन्हापासून दूर ठेवावी. इतर कलमांप्रमाणे ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवणे मला योग्य वाटत नाही, कारण लॅव्हेंडरच्या लवदार पानांवर ओल साचली की बुरशी लगेच धरते. मिश्रणाचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. बुडाशी काळे पडलेले कलम तत्काळ उपटून टाकावे.

साधारण 3 ते 6 आठवड्यांत मुळे धरतात. शेंड्याला नवी पाने दिसली म्हणून मुळे फुटलीच असे समजू नये. कलम अलगद ओढून पाहावे, ते अडले तरच भरपूर वाळू मिसळलेल्या मातीच्या कुंडीत हलवावे. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत चिमूटभर चुनाही मिसळावा. उन्हाची सवय हळूहळू लावावी, आणि रोप फुटव्यांनी भरेपर्यंत शेंडे खुडत राहून पहिल्या कळ्याही काढून टाकाव्यात.