कोकणातल्या दमट हवेत स्ट्रेटनर: घ्यायचा कसा नि वापरायचा कसा

गणपती जवळ आले की हा प्रश्न येतोच, स्ट्रेटनर अगदी २३० डिग्रीवर ठेवून केस सरळ केले तरी आरतीपर्यंत परत फुगतात, मग अजून भारीतला घ्यायचा का? नका घेऊ. दोष मशीनचा नाही, हवेचा आहे, आणि त्या हवेवर डिग्री वाढवून काहीच साध्य होत नाही.

होतं काय, केस केराटिन नावाच्या प्रोटीनचा बनलेला असतो आणि त्याचा आकार धरून ठेवणारे हायड्रोजन बंध गरम केल्यावर सुटतात, मग केस ज्या आकारात थंड होईल त्या आकारात परत जुळतात. पण हेच बंध पाण्यानेही सुटतात. भाद्रपदात रत्नागिरी काय, मालवण काय, हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे केस ती ओल ओढतो आणि मूळच्या वळणावर जातो. आणि खूप तापवलेल्या केसाचं वरचं आवरण खराब झालं की तो ओल अजून पटकन ओढतो, म्हणजे जितकं जाळाल तितकं लवकर फुगणार.

म्हणून घेताना पहिलं बघायचं ते टेंपरेचर कमीजास्त करता येतं का. बाजारात फक्त ऑन-ऑफ बटणवाले स्वस्तातले मिळतात, किती तापलाय ते कळतच नाही, ते माझ्या मते फुकट दिले तरी घेऊ नयेत. पातळ किंवा कलर केलेल्या केसांना १५० च्या आसपास पुरे, साध्या केसांना १७० ते १८०, जाड कुरळ्यांना फार तर २००. प्लेट सिरॅमिकची चांगली, सगळीकडे सारखी तापते. टायटॅनियम फार पटकन तापते, हात बसलेला नसेल तर नको. प्लेट साधारण एक इंच रुंद असेल तर त्यातच टोकं वळवता पण येतात, वेगळा कर्लर लागत नाही. ऑटो शट-ऑफ, म्हणजे थोड्या वेळाने आपोआप बंद होण्याची सोय, असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, केस पूर्ण कोरडे हवेत. पूर्ण म्हणजे पूर्ण. पावसात आपल्याकडे सकाळी न्हायलं तरी दुपारी मानेजवळचे केस ओलेच असतात, वरून हात लावला की वाटतं सुकले. पाणी १०० डिग्रीला उकळतं आणि प्लेट १८० ला, मग केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होऊन केसात फुगे धरतात आणि तिथूनच तो तुटतो. चर्र असा आवाज आला की लगेच थांबायचं. त्यापेक्षा आदल्या रात्री न्हा, सकाळी ड्रायर मध्यम गरमवर, एक वीतभर लांब धरून, मुळांपासून टोकांकडे फिरवा.

खोबरेल तेल लावून वर स्ट्रेटनर फिरवायचा नाही. खोबरेल केसाला चांगलंच, न्हायच्या आधी लावलं तर धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं, पण ते घाण्यावरचं तेल साधारण १७५ डिग्रीला धूर सोडायला लागतं, म्हणजे केस तेलात तळल्यासारखं होतं. हीट प्रोटेक्टंटचा, म्हणजे केसांना उष्णतेपासून जपणारा, स्प्रे वेगळा मिळतो तो मारा आणि तो सुद्धा सुकू द्या. समुद्रात डुंबून आलात तर आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मगच पुढचं.

मग मानेकडून सुरुवात, इंचभराची बट, मुळापासून बोटभर सोडून एकदाच सावकाश न थांबता खाली ओढायचं, फार तर दोनदा. आणि थंड होईपर्यंत केसांना हात लावायचा नाही, आकार बसतो तो थंड होताना, इथेच बहुतेक जणी घाई करतात. कर्ल केले असतील तर गरम असतानाच गुंडाळून पिन लावून ठेवा. मग सिरमचा एखादा थेंब टोकांना. लग्नाला सुरंगीचा वळेसर माळायचा असेल तर तोही केस गार झाल्यावरच, आणि खरं सांगायचं तर पावसाळ्यात मोकळे सरळ केस ठेवण्यापेक्षा पुढच्या बटा सरळ करून मागे अंबाडा घातला तर तो दिवसभर टिकतो.

विजेचं पण नीट बघा. स्ट्रेटनर फार वीज खात नाही पण २००० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशनला लावला की प्लग वितळतो, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट हवा. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तर ड्रायर नकोच. अमेरिकेतून कोणी आणलेला फक्त ११०-१२० व्होल्टचा असेल तर इथे डायरेक्ट लावू नका. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना काळ्या-हिरव्या पडतात, तिथे स्पार्क होतो, म्हणून अधूनमधून बघायचं, आणि वायर गरम मशीनला गुंडाळायची नाही. न्हाणीघरात किंवा ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून वापरायचं नाही. लाईट गेली तर आधी प्लग काढा, नाहीतर मशीन गादीवर राहतं, आपण विसरतो आणि लाईट येते तेव्हा घरात कोणी नसतं.

बंद केल्यावरही स्ट्रेटनर बराच वेळ गरम असतो, पोरांचा हात पोचणार नाही अशा लादीवर किंवा कडाप्प्यावर ठेवा. भाजलंच तर टूथपेस्ट, हळद, तूप काही न लावता २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, बर्फ नको. फोड मोठा असेल, तोंडावर किंवा डोळ्याजवळ भाजलं असेल, किंवा लहान मूल असेल तर सरळ दवाखान्यात जायचं.