कायटोसानची सक्रिय वेष्टन-फिल्म कशी तयार करावी

सक्रिय वेष्टन म्हणजे अन्न नुसते न झाकता ते खराब होणेही लांबवणारे वेष्टन. अशी फिल्म बनवण्याआधी अन्न कशामुळे खराब होते ते पाहावे. तेलकट पदार्थ ऑक्सिजनमुळे खवट होतो, ताज्या पदार्थाच्या पृष्ठभागावर बुरशी व जिवाणू वाढतात, तर कुरकुरीत पदार्थ दमट हवेने सादळतो. कायटोसानची फिल्म पहिल्या दोन दोषांवर उपयोगी पडते; तिसऱ्यासाठी ती निवडू नये.

कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून मिळते. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून १ टक्का ॲसेटिक आम्लाच्या १०० मिलिलिटर द्रावणात २ ग्रॅम खाद्य दर्जाचे कायटोसान घालून रात्रभर ढवळावे आणि द्रावण गाळून घ्यावे. नुसत्या कायटोसानची फिल्म ठिसूळ होते, यासाठी सुमारे अर्धा ग्रॅम ग्लिसरॉल मिसळावे. ग्लिसरॉल वाढवल्यास फिल्म लवचिक होते खरी, पण चिकटते आणि ओलावाही अधिक शोषते. शेवटी बुरशी-जिवाणूंना रोखणारे लवंग तेल अर्धा मिलिलिटर, तेल व पाणी एकत्र मिसळवणाऱ्या पॉलिसॉर्बेट ८० च्या काही थेंबांसह घालून द्रावण एकसारखे दुधाळ होईपर्यंत वेगाने घुसळावे. बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबावे. घाई केल्यास प्रत्येक बुडबुड्याच्या जागी फिल्मला भोक पडते.

९ सेंटीमीटर व्यासाच्या, अगदी समतल ठेवलेल्या ताटलीत सुमारे २० मिलिलिटर द्रावण ओतून ४० अंश सेल्सिअसला साधारण दिवसभर वाळवावे. याहून जास्त उष्णता दिल्यास लवंग तेल उडून जाते, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तेच निघून जाते.

खरी अडचण पाण्याची आहे. आम्लात बनलेली ही फिल्म ओलाव्याने फुगते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात बुडवून धुतल्यास ती पाण्यात टिकते, पण जिवाणूंवर परिणाम करणारा कायटोसानचा धन विद्युतभार त्यामुळे कमी होतो आणि थोडे तेलही धुऊन जाते. त्यामुळे माझ्या मते फिल्म न धुता आतल्या थरासाठी वापरावी आणि बाहेरून मेण लावलेला कागद गुंडाळावा.

परीक्षणासाठी एकाच पदार्थाचे तीन भाग करावेत: एक तेलयुक्त फिल्ममध्ये, दुसरा तेलाविना केलेल्या फिल्ममध्ये, तिसरा उघडा. तिन्ही एकाच तापमानात ठेवून रोज वजन, वास आणि बुरशी यांची नोंद करावी. पदार्थाला लवंगेचा वास लागत असल्यास तेलाचे प्रमाण कमी करावे. कवचधारी जलचरांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी वेष्टनावर कायटोसानचा स्रोत लिहावा, आणि फिल्ममधून अन्नात काय व किती उतरते याची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय तिच्यात गुंडाळलेले अन्न विक्रीस ठेवू नये.